शंभर रुपयांचा मिटणारा चाकू आणि कलमांचा हिशेब

पावसाळ्याच्या तोंडावर कोकणातील रोपवाटिकांमध्ये आंब्याच्या कोयकलमांची आणि पाठोपाठ मृदुकाष्ठ कलमांची तयारी सुरू होते, आणि पाऊस ओसरताना नाशिक-सांगलीच्या द्राक्षपट्ट्यात डॉगरिज खुंटांवर हव्या त्या वाणाची काडी चढवण्याची घाई उडते. या हंगामाआधी रोपवाटिकाधारक जी किरकोळ खरेदी उरकून घेतात, तीत पॉलिथीनच्या पट्ट्या, पिशव्या आणि सुतळी यांच्याबरोबर डझनावारी घेतलेले मिटणारे चाकूही असतात. आठवडी बाजारात, कृषी सेवा केंद्राच्या काउंटरवर आणि ऑनलाइन दुकानांत असा चाकू शंभर-दीडशे रुपयांना मिळतो. तो चकचकीत असतो, खिशात मावतो आणि हरवला तरी कोणी हळहळत नाही. असा चाकू घेण्यात शहाणपण आहे की नाही, हा प्रश्न वरकरणी फुटकळ वाटला तरी कलमाचा प्रत्येक छेद त्याच पात्याने घेतला जात असल्यामुळे या व्यवसायात त्याचे उत्तर नीट शोधणे आवश्यक ठरते.

कलम जगते ते कॅम्बियममुळे. साल आणि लाकूड यांच्या मध्ये असलेला, सतत नव्या पेशी तयार करणारा हा अत्यंत पातळ थर होय. खुंटाचा आणि कलमकाडीचा कॅम्बियम एकमेकांना भिडला, दोन्हीकडून कॅलस म्हणजे जखम भरून काढणाऱ्या पेशींचा मऊ पुंजका तयार झाला आणि तो एकजीव झाला, तरच काडीला पाणी मिळू लागते. मृदुकाष्ठ कलमात काडीच्या बुडाला चार-पाच सेंटिमीटर लांबीची पाचर तासली जाते आणि खुंटाच्या कोवळ्या शेंड्यात तेवढीच उभी चीर घेतली जाते. पाचरीच्या दोन्ही बाजू पट्टी लावून पाहिल्यासारख्या सपाट हव्यात, आणि असा सपाटपणा एकाच ओढीत घेतलेल्या छेदालाच येतो. दोन-तीनदा खरवडून काढलेल्या पाचरीवर लाटा उठतात, त्या लाटांच्या खळग्यांत हवा राहते, आणि वरून पट्टी कितीही आवळून बांधली तरी त्या जागी पेशी सुकतात.

म्हणूनच खास कलमासाठी बनवलेल्या चाकूच्या पात्याला एकाच बाजूने धार असते. पात्याची दुसरी बाजू पाठीपासून धारेपर्यंत सपाट ठेवलेली असते, आणि हीच बाजू तासलेल्या लाकडावर टेकून सरकत असल्याने छेद आपोआप सरळ जातो. स्वस्त मिटणाऱ्या चाकूला मात्र जवळजवळ नेहमीच दोन्ही बाजूंनी धार काढलेली असते आणि धारेच्या लगेच मागे पाते जाड असते, कारण तो दोर कापणे, खोके उघडणे, फळ चिरणे अशा सटरफटर कामांसाठी बनवलेला असतो. असे पाते लाकडात शिरताना पाचरीसारखे लाकूड फाकवत जाते आणि हात कितीही कसलेला असला तरी छेदाला किंचित बाक येतो. किंमत बाजूला ठेवली तरी हा चाकू कलमाच्या कामासाठी घडवलेलाच नाही, ही त्याच्यावरची पहिली हरकत आहे.

दुसरी हरकत पोलादाची आहे, आणि तिथे किमतीचा संबंध थेट येतो. अशा चाकूंचे पाते बहुधा ४२० या वर्गातील किंवा त्याला समकक्ष चिनी ३सीआर१३ या स्टेनलेस पोलादाचे असते. त्यात सुमारे १३ टक्के क्रोमियम असल्याने ते सहसा गंजत नाही. पण कर्ब ०.३ टक्क्यांच्या आसपासच असतो, आणि पोलाद किती कठीण होऊ शकेल हे मुख्यतः कर्बावर ठरते. चांगल्या कलमचाकूंच्या साध्या कार्बन पोलादात हेच प्रमाण ०.८ ते १ टक्क्याच्या घरात असते. काठिण्य मोजण्याच्या रॉकवेल सी मापनात पहिल्या प्रकारचे पाते साधारणपणे ५० ते ५४ च्या दरम्यान राहते, तर दुसरे ५८ च्या पुढेही नेता येते. या आकड्यांचा कामातला अर्थ असा, की मऊ पात्याची धार लाकडावर झिजण्याआधीच वाकते. नव्या चाकूने पहिली काही कलमे झकास होतात, मग छेद ओढावा लागतो, आणि दुपारपर्यंत कारागीर पाचर तासण्याऐवजी ती रेटू लागतो.

पोलाद बरे असले तरी त्याला पाणी कसे दिले आहे, म्हणजे ते तापवून, एकदम थंड करून, पुन्हा हलके तापवण्याची प्रक्रिया कितपत काळजीने झाली आहे, हे खोक्यावर कुठेच लिहिलेले नसते. घाईने चालणाऱ्या कारखान्यात शेवटची धार कोरड्या चाकावर काढताना धारेचा पातळ काठ इतका तापू शकतो, की दिलेले पाणी उतरते. साध्या कार्बन पोलादावर निळसर झाक सुमारे ३०० अंश सेल्सिअसला चढते, आणि धारेसाठी राखलेले काठिण्य तोवर बरेचसे गेलेले असते. दुकानात चाकू हातात घेतल्यावर धारेच्या कडेने, विशेषतः टोकाजवळ, निळा किंवा जांभळट पट्टा दिसला तर तो चाकू परत ठेवावा. पॉलिश करून हा पट्टा पुसूनही टाकता येतो. त्यामुळे तो दिसला नाही म्हणजे चाकू चांगला, असा उलटा निष्कर्ष मात्र काढता येत नाही.

तिसरी बाब सांध्याची. मिटणाऱ्या चाकूत पाते एका रिव्हेटवर फिरते आणि पाठीकडची स्प्रिंगपट्टी किंवा एखादे कुलूप ते उघडे धरून ठेवते. पाते उघडून टोक चिमटीत धरावे आणि डावी-उजवीकडे हलवून पाहावे. किंचितही खेळ जाणवला तर तो चाकू कलमासाठी बाद समजावा, कारण हाच खेळ छेदाच्या शेवटच्या सेंटिमीटरमध्ये पाचरीचा कोन बिघडवतो. पाते मिटल्यावर मुठीच्या खाचेत मधोमध बसते की एका कडेला घासते, हेही पाहून घ्यावे. घासत असेल तर दर वेळी मिटताना धारच मरते. उघडे पाते पाठीकडून दाबल्यावर सहज मिटू लागत असेल, तर खुंटात चीर घेताना ते बोटांवर मिटू शकते. कलमकाम करणाऱ्याच्या डाव्या अंगठ्यावरचे वण या व्यवसायात कोणालाच नवे नाहीत, पण त्यांतले सगळेच वण अननुभवामुळे येतात असे मानणे सोयीचे असले तरी खरे नाही.

एवढ्यावरून स्वस्त म्हणजे टाकाऊ असा निवाडा केला तर तो चुकीचा ठरेल, कारण स्वस्त आणि चांगला मिटणारा चाकू बनवता येतो हे जगात दोन-तीन ठिकाणी फार पूर्वीच सिद्ध झाले आहे. फ्रान्सच्या साव्हुआ प्रांतात जोसेफ ओपिनेल याने १८९० मध्ये शेतकऱ्यांसाठी जो चाकू बनवला, त्यात बीच लाकडाची मूठ, एक पाते आणि एक रिव्हेट एवढेच होते. पाते उघडे अडवून धरणारी फिरती कडी १९५५ मध्ये आली. जपानमधील मिकी गावचा हिगोनोकामी त्याहूनही साधा असतो. वाकवलेल्या पत्र्याची मूठ, पात्यामागे अंगठ्याने दाबून धरायची छोटी शेपटी, आणि स्प्रिंग किंवा कुलूप काहीच नाही. दोन्हींमध्ये बचत केली आहे ती सुट्या भागांवर; पोलाद आणि धार यांना हात लावलेला नाही. आपल्या बाजारातील शंभर रुपयांच्या चाकूत नेमके उलटे घडते: कातीव मूठ, बाटली उघडण्याचा आकडा, पट्ट्यात अडकवायची क्लिप, कधी काळा रंग दिलेले पाते, आणि या सगळ्याचा खर्च पात्यातून वसूल केलेला. (ओपिनेल मागवण्याच्या विचारात असलेल्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी, की त्याची लाकडी मूठ दमट हवेत फुगते आणि पाते अडकून बसते, कोकणातला जुलै हा त्या मुठीसाठी योजलेला महिना नव्हे.)

स्वस्त चाकूची तुलना सहसा जर्मनी किंवा स्वित्झर्लंडच्या काही हजार रुपयांच्या कलमचाकूशी केली जाते आणि मग ‘ते आपल्याला परवडणारे नाही’ असे म्हणून विषय मिटवला जातो. त्या स्वस्त चाकूचा खरा प्रतिस्पर्धी प्रत्येक रोपवाटिकेत आधीपासूनच आहे, आणि तो म्हणजे दाढीचे ब्लेड किंवा कप्पे मोडता येणारा कटर. हा कटर जपानमध्ये योशिओ ओकादा यांनी १९५६ मध्ये शोधला. धार गेली की पात्याचे टोक मोडून नवे काढण्याची त्यांची कल्पना काचेच्या तुटक्या तुकड्यांवरून आणि चॉकलेटच्या वडीवरून सुचल्याचे सांगितले जाते. दाढीचे ब्लेड सुमारे ०.१ मिलिमीटर जाड असते, आणि कोयकलमाच्या दहा-पंधरा दिवसांच्या कोवळ्या रोपावर किंवा भाजीपाल्याच्या कलमांवर त्याच्याइतका स्वच्छ छेद शंभर रुपयांचा कोणताही चाकू देत नाही. पक्व द्राक्षकाडीवर किंवा पेरूच्या लाकडावर मात्र ते लवते, आणि तिथे जाड, कडक, एकाच बाजूने धार असलेल्या पात्याला पर्याय उरत नाही. म्हणजे कोवळ्या कामाला ब्लेड सरस, कठीण कामाला कलमचाकू सरस, आणि या दोहोंच्या मध्ये स्वस्त मिटणाऱ्या चाकूसाठी कलमाचे एकही काम शिल्लक राहत नाही.

रोगप्रसाराचा मुद्दा याहूनही गंभीर आहे, आणि विदर्भातील संत्रा रोपवाटिकाधारकांनी त्याकडे विशेष लक्ष द्यावे. एक्सोकॉर्टिस हा लिंबूवर्गीय झाडांचा रोग व्हायरॉइडमुळे होतो. व्हायरॉइड म्हणजे विषाणूभोवती असते तसे प्रथिनांचे कवचही नसलेला, उघड्या आरएनएचा अतिसूक्ष्म तुकडा. तो डोळकाडीतून जसा पसरतो तसाच चाकूच्या पात्यावरच्या रसातूनही एका रोपावरून दुसऱ्यावर जातो. जंबेरी खुंट त्याला बराचसा सोसतो, पण रंगपूर लिंबाच्या खुंटावर साल फाटून सोलपटे निघतात आणि झाड खुरटते. पाते ज्योतीवर धरणे किंवा स्पिरिटने पुसणे हे उपाय व्हायरॉइडवर भरवशाचे नाहीत. त्याला सुमारे १ टक्का सोडियम हायपोक्लोराइटचे ताजे द्रावण लागते. डाळिंबाच्या तेल्या रोगासाठी छाटणीची हत्यारे निर्जंतुक करतानाही हेच द्रावण सुचवले जाते.

इथे मिटणारा चाकू दोन्हीकडून अडतो. हायपोक्लोराइट स्टेनलेस पोलादावरचा संरक्षक थरही खाते आणि पात्यावर बारीक खड्डे पाडते. त्यामुळे प्रत्येक बुडवणीनंतर पाते स्वच्छ पाण्याने धुऊन पुसणे भाग असते. पाते धुता येते, सांधा मात्र धुतला जात नाही. सालीचा भुगा, चीक आणि रस रिव्हेटच्या भोवती साचतात, तिथे द्रावण पोहोचत नाही आणि पोहोचलेच तर बाहेर निघत नाही. म्हणून, महाग असो वा स्वस्त, डोळे बांधण्याच्या पंक्तीत बसलेल्या कारागिरासाठी न मिटणारा, म्यानात ठेवायचा चाकू अधिक सुरक्षित ठरतो, असे या मासिकाचे मत आहे. मिटणाऱ्या चाकूची सोय खिशासाठी आहे, आणि रोपवाटिकेत बैठे काम करणाऱ्याला दिवसभर खिशाची गरज पडत नाही. शेतात उभ्या बागेत फिरून कलमे करणाऱ्याची गोष्ट वेगळी.

पैशाचा हिशेब अगदी सोपा आहे. समजा, एक कारागीर हंगामात ५,००० कलमे बांधतो आणि त्याला ३,००० रुपयांचा चाकू दिला. पहिल्याच हंगामात तो पूर्ण खर्ची टाकला तरी दर कलमामागे ६० पैसे पडतात. खराब छेदामुळे १ टक्का कलमे जास्त मेली, तर ५० कलमे गेली, आणि प्रत्येकाची विक्री किंमत १०० रुपये धरली तर ५,००० रुपये बुडाले. कलम जगण्यात काडीची पक्वता, खुंटाचे वय, हवेतील दमटपणा आणि बांधणाऱ्याचा हात यांचा वाटा चाकूपेक्षा मोठा असतो, हे खरेच. पण बाकी सगळे सारखे असताना चाकूमुळे १ टक्क्याचा फरक पडणे मुळीच अशक्य नाही. शिवाय बहुतेक ठिकाणी कारागिराला मजुरी नगावर मिळते आणि मेलेल्या कलमांची वजावट त्याच्याच हिशेबातून होते. मालकाने डझनावारी घेतलेल्या चाकूंची बचत अशा वेळी कारागिराच्या मजुरीतून केलेली असते, आणि ही गोष्ट हिशेबाच्या वहीत कधीच दिसत नाही.

तेव्हा शंभर रुपयांचा चाकू घेऊ नये असे नाही. तो पिशव्या फाडायला, सुतळी आणि ठिबकच्या नळ्या कापायला, कलमावरची जुनी पट्टी सोडवायला घ्यावा आणि त्याच कामांपुरता ठेवावा. त्याच्या मुठीवर लाल रंगाची खूण करून तो कलमाच्या पाट्यावर येणार नाही असा दंडक घालावा. बटण दाबताच उघडणारा चाकू मात्र कितीही स्वस्त मिळाला तरी घेऊ नये, कारण शेतीच्या कामात त्याचा उपयोग नाही आणि प्रवासात तो नसत्या चौकशीला आमंत्रण देतो. ज्यांच्याकडे स्वस्त चाकू आधीच पडून आहेत, त्यांना त्यांतला एखादा निवडून, त्याची एक बाजू बारीक निसण्यावर सपाट टेकवून घासत एकाच बाजूची धार काढता येते. पाते मऊ असल्याने हे काम लवकर होते आणि त्याच कारणाने ते पुन्हापुन्हा करावे लागते. नवशिक्यांना धार लावायला शिकवण्यासाठी असा चाकू फार उपयोगी पडतो, कारण तो बिघडला तरी नुकसान होत नाही.

कलमचाकू मागवताना एक तपशील हमखास राहून जातो. एका बाजूने धार असलेले पाते उजव्या हातासाठी आणि डाव्या हातासाठी वेगळे असते, आणि दुकानदार न विचारता उजव्या हाताचेच देतो. डावखुऱ्या कारागिराने ते वापरले तर सपाट बाजू लाकडावर टेकण्याऐवजी बाहेर राहते, पाते आत ओढले जाते आणि पाचर एका बाजूला जाड होते. पुढे कलमे मरू लागली की दोष त्याच्या हाताला दिला जातो. मागणी नोंदवण्याआधी पंक्तीतले कोण डावखुरे आहे, हे विचारून घ्यावे.