बघून झाला म्हणे!

गेल्या महिन्यात भाचा चार दिवस राहायला आला होता. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. रात्री जेवणं झाल्यावर मी कॉम्प्युटर लावून बसलो, तर मागे उभा राहून म्हणतो, "मामा, 'पेपर्स, प्लीज' ना? हा झालाय माझा."

"अरे वा, कधी खेळलास?"

"खेळलो नाही, यूट्यूबवर बघितला. स्टोरीच तर आहे. बघितलं काय नि खेळलं काय!"

झालं! माझं डोकं फिरलं. कारण हे वाक्य मी हजार वेळा ऐकलंय. छोट्या, स्वतंत्र मंडळींनी बनवलेल्या गोष्टीवेल्हाळ गेम्सबद्दल लोक दोनच गोष्टी बोलतात. एक, "ह्यात खेळ कुठाय, व्हिडिओ बघितला की झालं." दुसरी, "दोन तासांत संपला, पैसे वाया." दुसरी तर आमच्या दाजींची आवडती.

भाच्याला म्हटलं, बस इथे आणि खेळ.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. हा गेम ल्युकस पोप ह्या माणसाने जवळजवळ एकट्याने बनवून २०१३ साली आणला. एका काल्पनिक हुकूमशाही देशाच्या सीमेवर तुम्ही पासपोर्ट तपासणारे कारकून. जितकी माणसं तपासाल तितका पगार. संध्याकाळी घरभाडं, जेवण आणि थंडीतली ऊब ह्यांचा हिशोब. दिवसातल्या पहिल्या दोन चुका माफ, तिसरीपासून पगारातून कपात. बस, एवढंच.

चार-पाच दिवसांनी (म्हणजे गेममधल्या) एक नवरा येतो. त्याचे कागद चोख असतात. जाता जाता सांगतो, मागे माझी बायको आहे, जरा सांभाळून घ्या. बायकोकडे प्रवेशाचा परवानाच नसतो. परत पाठवलंत तर मला मारतील, म्हणते.

भाच्याच्या त्या दिवसाच्या दोन चुका आधीच झालेल्या. घरी पोरगा आजारी, औषधाला पैसे नाहीत. त्याचा माउस दोन शिक्क्यांच्या मध्ये बराच वेळ थांबला. मग त्याने लाल शिक्का मारला आणि बाई गेली. जरा वेळाने म्हणाला, "मामा, व्हिडिओवाल्याने तिला हाकललं तेव्हा मी त्याला शिव्या घातल्या होत्या."

माझा मुद्दा एवढाच आहे. बघताना आपण सगळे चांगलेच असतो. सिनेमात कुणी पोरीला वाऱ्यावर सोडलं की आपल्याला खात्री असते, आपण नसतं सोडलं. ह्या गेम्स ती खात्री काढून घेतात. इथे गोष्ट पडद्यावर नसते, तुमच्या बोटांत असते, आणि व्हिडिओत नेमकी बोटंच नसतात.

आणखी एक उदाहरण. 'व्हॉट रिमेन्स ऑफ इडिथ फिंच', २०१७चा. ह्याला २०१८मध्ये सर्वोत्कृष्ट गेमचा बाफ्टा मिळाला. त्यात लुईस नावाचा एक तरुण माशांच्या कारखान्यात कामाला असतो. एका हाताने तुम्ही मासा उचलून पात्याखाली धरायचा आणि पुढे ढकलायचा. मग पुन्हा मासा, पुन्हा पातं. दुसऱ्या हाताने त्याच्या मनातल्या राज्यात त्याला फिरवायचं. ते राज्य हळूहळू पडदाभर पसरतं आणि मासे कापणारा हात आपोआप चालत राहतो. एका क्षणी लक्षात येतं, की हाताखालचं काम आपण विसरूनच गेलोय. ज्याने कधी कंटाळवाणी नोकरी केली आहे त्याला हे वेगळं समजावून सांगायला नको. पण हा अनुभव दोन्ही हात मांडीवर ठेवून घ्या बरं!

आता दाजींचा आक्षेप, ताशी भावाचा. अहो, आपण एकांकिका बघतो. पाऊण तासात संपते. बाहेर येऊन "अर्धे पैसे परत द्या" म्हणतो का? सहा पानांची कथा सहाशे पानी कादंबरीपेक्षा स्वस्त लेखायची का? गोष्ट काय डाळ-तांदूळ आहे, वजनावर घ्यायला? उलट शंभर तासांच्या महागड्या गेम्समध्ये सत्तर तास नकाशावरच्या खुणा पुसण्यात जातात, त्याचा हिशोब कोणी मागत नाही.

हा नुसता वादासाठी वाद नाही, ह्यात माणसं बुडतात. 'स्टीम'वर २०१५पासून नियम आहे, चौदा दिवसांच्या आत आणि दोन तासांहून कमी खेळला असाल तर पैसे परत. नियम ग्राहकाच्या भल्याचाच. पण 'समर ऑफ फिफ्टी-एट' हा गेम मुळात दोन तासांपेक्षा लहान. लोकांनी पूर्ण खेळून पैसे परत घेतले आणि २०२१मध्ये बनवणाऱ्याने आपण गेम्स करणं थांबवतोय असं जाहीर केलं. 'दॅट ड्रॅगन, कॅन्सर' तर एका आईबापांनी कॅन्सरने गेलेल्या आपल्या लहानग्यावर बनवलेला. २०१६मध्ये आला, व्हिडिओंतून असंख्य लोकांनी पाहिला. बापाने लिहिलं, की विक्रीतून आमच्या हाती अजून एक डॉलरही आलेला नाही. व्हिडिओ बघून रडलेल्यांतल्या थोड्यांनी जरी तो विकत घेतला असता तर?

आमच्या बाजूचेही दोष आहेत, ते झाकत नाही. 'गॉन होम' मला मनापासून आवडला, पण त्याच्यानंतर रिकाम्या घरात चिठ्ठ्या पेरून ठेवायची साथच आली. खेळाडूने कासवाच्या गतीने चालायचं, कागद उचलायचे आणि कोणीतरी जड आवाजात आयुष्याबद्दल बोलणार. असा गेम खुशाल व्हिडिओवर बघा. त्यात तुमच्या हातांना काही कामच दिलेलं नाही. म्हणजे कसोटी तासांची नाही. बघून जो संपतो तो गेम फसला.

आणि ह्यात माझाही स्वार्थ आहे. 'वेंबा' नावाचा गेम २०२३मध्ये टोरोंटोच्या छोट्या कंपनीने आणला. कॅनडात गेलेली तमिळ आई, तिची फाटकी पाककृतींची वही आणि दूर जाणारा मुलगा. वहीतल्या पुसलेल्या जागा अंदाजाने भरून तुम्ही इडल्या करायच्या. माझ्या आईचीही अशी वही आहे, तेलाचे डाग पडलेली. ती उघडून "अंदाजाने मीठ" ह्या ओळीपाशी मीही अडलोय. असल्या वहीवर कोणती अवाढव्य कंपनी शेकडो कोटी लावणार आहे? आपल्या घरातल्या गोष्टी असे चार-दोन वेडेच सांगणार. ते उपाशी मेले तर वाळवणांवर, चाळीवर, मुंबईला गेलेल्या बापावर गेम कधीच येणार नाही.

असो. परवा भाच्याचा फोन होता. त्याने गेम विकत घेतला, स्वतःच्या पैशांनी.

"मामा, ह्यावेळी त्या बाईला सोडली."

"मग?"

"मग पोराच्या औषधाला पैसे उरले नाहीत."

दाजी, वाचताय ना? ह्याचा ताशी भाव काय लावायचा तेवढं सांगा.