गोळीला गिटार वाजवता येत नाही

जिमी हेंड्रिक्सचे नाव काढले की आपल्याकडच्या भल्याभल्या रसिकांच्या चेहऱ्यावर एक ठरावीक हसू उमटते. "तो ना? गिटार जाळणारा! नशेत वाजवायचा." झाले, निकाल लागला. परवा आमच्या एका नातेवाईकांनी हेच ऐकवले. वर "सायकेडेलिक म्हणजे गोळ्या खाऊन केलेले संगीत, त्यात ऐकायचे काय?" असेही विचारले. त्यांचे नाव घेत नाही, कारण हे मत त्यांचे एकट्याचे नाही. गंमत म्हणजे हेंड्रिक्सचे भक्तसुद्धा हेच म्हणतात, फक्त कौतुकाने!

माझ्या मते दोघेही त्या माणसाचे कष्ट त्याच्या नावावरून काढून गोळीच्या नावावर चढवतात.

गिटार त्याने जाळली, जून १९६७ मध्ये, माँटेरेच्या महोत्सवात. काही मिनिटांचा खेळ तो. पण ऑक्टोबर १९६८ मध्ये आलेल्या 'इलेक्ट्रिक लेडीलँड' या दुहेरी अल्बमवर तो महिनोन्महिने बसला होता, त्याचे काय? त्यातले 'ऑल अलाँग द वॉचटॉवर' घ्या. गाणे मुळात बॉब डिलनचे, डिसेंबर १९६७ मधले, अडीच मिनिटांचे, साधेसुधे. पुढच्याच महिन्यात हेंड्रिक्सने ते लंडनच्या ऑलिम्पिक स्टुडिओत करायला घेतले. टेकवर टेक. बास वाजवणारा नोएल रेडिंग वैतागून निघून गेला, तर बासही यानेच वाजवला. मग टेप न्यूयॉर्कला नेऊन त्यावर आणखी थर चढवले.

आता मधला गिटारचा भाग नीट ऐका. त्याचे चार तुकडे आहेत. पहिला सरळ, गाण्याच्या अंगाने जाणारा. दुसऱ्यात तारेवरून लायटर घसरवत काढलेले लांब सूर. विचित्रवीणा ऐकलेल्यांना ते मुळीच परके वाटणार नाहीत. तिसऱ्यात पायाखालचे वा-वा पेडल, त्याने तार चक्क बोलू लागते. चौथ्यात आधी कॉर्ड्स आणि मग तार खेचत खेचत वर चढणे. एका तुकड्यात दुसऱ्याची पुनरुक्ती नाही आणि चारही मिळून एकच वाक्य होते. नशेतला माणूस बडबडतो हो, त्याचे वाक्य पुरे होत नाही. डिलन स्वतःच पुढे मैफलींत हे गाणे हेंड्रिक्सच्या वळणाने गाऊ लागला, यातच काय ते आले.

याच अल्बमचे काम चालू असताना निर्माता चॅस चँडलर सोडून गेला. कारणे दोन: स्टुडिओत जमणारी गर्दी आणि पुन्हा पुन्हा तेच घेण्याचा हेंड्रिक्सचा हट्ट. पहिले कारण सगळे सांगतात, दुसरे कुणी सांगत नाही.

तो एलएसडी घेत असे, हे मी नाकारत नाही. १८ सप्टेंबर १९७० ला लंडनमध्ये झोपेच्या गोळ्या जास्त झाल्याने तो गेला, अवघा सत्तावीस वर्षांचा. वाईटच झाले. पण त्या वर्षांत अमेरिकेत गोळी घेणारी पोरे गल्लोगल्ली होती. त्यांतल्या किती जणांनी 'लेडीलँड' केला?

शाळेत गरीब घरच्या मुलाला गणितात पैकीच्या पैकी पडले, की स्टाफरूममध्ये कुणीतरी हमखास विचारायचे, "कॉपी नाही ना केली?" ही नशेची गोष्ट मला त्याच जातीची वाटते. काळा मुलगा, डावखुरा, उजव्या हाताची गिटार उलटी धरून वाजवणारा. लिटल रिचर्ड आणि आयझली ब्रदर्सच्या मागे उभा राहून साथ करत शिकलेला. ब्रिटिश वर्तमानपत्रांनी त्याला 'बोर्निओचा रानटी माणूस' ठरवले. रेकॉर्ड कंपनीने १९६७ च्या 'ॲक्सिस'च्या वेष्टनावर त्याला थेट विश्वरूपात बसवले (ते त्यालाच पसंत नव्हते). रानटी चालतो, अवतार चालतो, पण मेहनती कारागीर म्हणायला जीभ अडखळते!

असो. गाण्यांतले इंग्रजी मलाही अर्धेच कळते, त्याने काही अडत नाही. '१९८३' नावाची एक रचना आहे, तेरा मिनिटांहून मोठी, समुद्राच्या तळाशी नेणारी. रात्री दिवा मालवून, हेडफोन लावून, मध्ये न उठता ऐका. आवाज डावीकडून उजवीकडे कसा वाहत जातो बघा. नाही आवडली तर खुशाल तसे कळवा. लांबण वाटली म्हणा, कर्कश म्हणा, मी वाद घालणार नाही. फक्त 'नशा' हा शब्द त्या पत्रात नको.