डोळे दाखवाल तेव्हा पायही दाखवा

मधुमेही रोग्याला दिसेनासे झाले की तो डोळ्यांच्या डॉक्टरकडे जातो आणि पायाला जखम झाली की ड्रेसिंगच्या खोलीत. ही दोन वेगळी दुखणी आहेत, असा त्याचा समज असतो. दवाखान्यातील वेगवेगळे विभाग तो समज आणखी पक्का करतात. माझ्या मते, या समजापायीच अनेकांवर पाय गमावण्याची वेळ येते.

दोन्हींचे मूळ एकच आहे. रक्तातील साखर वर्षानुवर्षे वाढलेली राहिली की बारीक रक्तवाहिन्या खराब होतात. डोळ्याच्या पडद्यावरील वाहिन्या पाझरू लागतात. मज्जातंतूंनाही झळ बसते व तळपाय बधिर होतात. त्यातच पायाकडे जाणाऱ्या मोठ्या रक्तवाहिन्या अरुंद झाल्या, तर जखम भरून येत नाही. म्हणून पडद्यावर दोष आढळला की पाय तपासलेच पाहिजेत, आणि पायाला जखम असेल तर पडदाही.

दोन्ही विकार एकाच माणसाला झाले तर धोका फार वाढतो. बधिर पायाला काटा टोचल्याचे कळत नाही आणि अधू नजरेला रक्त दिसत नाही. जखमेला वास येऊ लागतो, तेव्हा कुठे घरच्यांच्या लक्षात येते.

सोलापूरकरांनी हे विशेष ध्यानात घ्यावे. कोजागरीला आपल्याकडून हजारो भाविक सुमारे ४५ किलोमीटर चालत तुळजापूरला जातात, कित्येक जण अनवाणी. श्रद्धेबद्दल आदरच आहे. पण पाय बधिर झालेल्या मधुमेह्याने अनवाणी चालण्याचा नवस बोलू नये. पायात वहाण घातली म्हणून आई भवानी रुसणार नाही!

१९८९ साली इटलीतील सेंट व्हिन्सेंट येथे युरोपातील तज्ज्ञ जमले होते. मधुमेहाने येणारे अंधत्व एकतृतीयांशाने आणि पाय कापण्याचे प्रमाण निम्म्याने कमी करावे, ही दोन्ही उद्दिष्टे त्यांनी एकाच जाहीरनाम्यात मांडली. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार आपल्या देशात दहा कोटींहून अधिक मधुमेही आहेत. आपणही हाच विचार करायला हवा. प्रत्येक मधुमेह्याच्या केसपेपरवर 'पडदा कधी तपासला' आणि 'पाय कधी तपासले' अशा दोन ओळी असाव्यात. पायाची संवेदना नायलॉनच्या तंतूने पाहायला दोन-चार मिनिटे पुरतात.

रोग्यांनीही वाट पाहत बसू नये. दिसत असले तरी वर्षातून एकदा थेंब घालून पडदा तपासून घ्यावा. ज्यांची नजर अधू आहे, त्यांचे तळवे व बोटांच्या बेचक्या घरातील कुणीतरी रोज पाहाव्यात. चप्पल घालण्यापूर्वी आत हात फिरवावा. भोवरी ब्लेडने कापू नये. पाय गरम पाण्याने शेकू नयेत.

पुढच्या वेळी डोळ्यांच्या डॉक्टरांनी 'पडदा खराब आहे' असे सांगितले, तर तेथेच विचारा, "डॉक्टर, माझे पाय कोण पाहील?"