गॅरेजखालची माती

ऑगस्ट २०१५ मध्ये केंद्र सरकारने ४७६ शहरांची स्वच्छताविषयक क्रमवारी जाहीर केली, तेव्हा पहिला क्रमांक म्हैसूरला मिळाला. पुढील वर्षी ७३ शहरांच्या सर्वेक्षणातही त्या शहराने हा मान राखला. त्याचे श्रेय तेथील पालिकेला आणि नागरिकांना दिलेच पाहिजे. परंतु अशा सर्वेक्षणांत कचरा, शौचालये आणि सांडपाणी यांचा हिशेब होतो. पायाखालच्या मातीचा होत नाही. जावा आणि येझदी मोटारसायकली ज्या शहरात तयार झाल्या, तेथे दुचाकी दुरुस्त करणाऱ्या हातांची वाण कधीच नव्हती. इंजिनातून काढलेल्या जळक्या ऑइलचा काही भाग जमिनीवर सांडतो, मुरतो आणि पावसाळ्यात गटारावाटे वाहून जातो. हे एकट्या म्हैसूरचे नाही. पुणे, कोल्हापूर, बेळगाव, कोठेही जा. गॅरेजसमोरची जमीन काळीच असते आणि त्या काळेपणाची नोंद कोणत्याही दप्तरात सापडत नाही.

विशेष हे, की या मातीच्या उपचाराचे साधन पुष्कळदा तिच्यातच असते. वर्षानुवर्षे तेल मुरलेल्या जागी जे जिवाणू तग धरतात, त्यांपैकी काही तेलच अन्न म्हणून वापरतात. अडचण अशी, की तेल पाण्यात मिसळत नाही आणि जिवाणू पाण्याच्या पातळ थरात जगतात. ही दरी सांधण्यासाठी ते साबणासारखा पदार्थ स्वतःच तयार करतात. रिठ्याचा फेस कपड्यावरचा तेलकटपणा सोडवतो, त्याच रीतीने हा पदार्थ तेलाचे बारीक थेंब करून ते जिवाणूंच्या आवाक्यात आणतो. शास्त्रज्ञ त्याला बायोसर्फॅक्टंट म्हणतात. स्यूडोमोनास गटातील जिवाणूंचे ऱ्हॅम्नोलिपिड आणि बॅसिलस गटातील जिवाणूंचे सर्फॅक्टिन ही त्याची सर्वाधिक अभ्यासलेली उदाहरणे.

असे जिवाणू शोधणे फारसे कठीण नाही. पाण्यावर तेलाचा तवंग पसरावा, त्यावर जिवाणू वाढवलेल्या द्रावणाचा थेंब टाकावा; तवंग फाकून मध्ये स्वच्छ वर्तुळ उमटले, तर पदार्थ तयार होत असल्याची खूण मिळते. त्यामुळे देशभरातील सूक्ष्मजीवशास्त्र विभागांत हा विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांचा आवडता विषय आहे. म्हैसूरमध्ये तर १९१६ मध्ये स्थापन झालेले विद्यापीठ आहे आणि १९५० पासून कार्यरत असलेली केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थाही आहे. ज्ञानाची उणीव तेथे नाही, तशी ती पुण्यातही नाही. तरीही सर्वत्र घडते ते एकच: नमुना गॅरेजमधून येतो, प्रबंध ग्रंथालयात जातो आणि माती जेथल्या तेथे राहते.

तंत्रज्ञान प्रयोगशाळेबाहेर पडलेच नाही, असेही नाही. 'टेरी' या संस्थेने तेल खाणाऱ्या जिवाणूंचे 'ऑइलझॅपर' नावाचे मिश्रण विकसित केले, तेलशुद्धीकरण कारखान्यांतील तेलकट गाळावर ते वापरले गेले आणि पुढे ओएनजीसीबरोबर संयुक्त कंपनीही उभी राहिली. तेथे ते चालले याचे कारण केवळ जिवाणूंत शोधू नये. तेथे जागेचा मालक ठाऊक असतो, घातक गाळाचा हिशेब कायद्याने द्यावा लागतो आणि खर्चाची ऐपतही असते. भाड्याच्या जागेत चालणाऱ्या गॅरेजला यांपैकी काहीच लागू होत नाही.

केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने जुलै २०२५ मध्ये प्रदूषित जागांच्या व्यवस्थापनाचे स्वतंत्र नियम अधिसूचित केले, ते या पार्श्वभूमीवर महत्त्वाचे ठरतात. संशयित जागांचा अहवाल जिल्हा प्रशासनाने दर सहा महिन्यांनी द्यायचा, राज्य मंडळाने ९० दिवसांत प्राथमिक आणि त्यापुढील ९० दिवसांत सविस्तर तपासणी करायची आणि खर्च प्रदूषण करणाऱ्याकडून वसूल करायचा, अशी ही रचना आहे. मात्र जागा निश्चित झाल्यावर ती शुद्ध कधी व्हावी, याची मुदत नियमांत नाही. नियम आले तेव्हा देशात १०३ प्रदूषित जागा निश्चित झालेल्या होत्या आणि प्रत्यक्ष सुधारणेचे काम केवळ ७ ठिकाणी सुरू होते. मोठ्या जागांची ही गत, तर गॅरेजांच्या रांगेकडे कोण पाहणार?

येथे जिवाणूंविषयीच्या भाबड्या उत्साहालाही आवर घातला पाहिजे. १९८० मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने आनंद मोहन चक्रवर्ती यांनी घडवलेल्या तेलभक्षक जिवाणूवरील पेटंटचा हक्क ५ विरुद्ध ४ मतांनी मान्य केला. तो निकाल गाजला. तो जिवाणू मात्र समुद्रातील तेल साफ करायला कधीच उतरला नाही. उलट १९८९ मध्ये अलास्काच्या किनाऱ्यावर तेल सांडले, तेव्हा तेथील मूळच्याच जिवाणूंना नत्र आणि स्फुरद पुरवण्याचा मार्ग उपयोगी पडला. धडा असा, की बाटलीबंद चमत्कारापेक्षा स्थानिक जिवाणूंना हवा, ओल आणि पोषण देणे पुष्कळदा अधिक फलदायी असते. शिवाय वापरलेल्या ऑइलमधील शिसे, जस्त यांसारखे धातू कोणताही जिवाणू नष्ट करू शकत नाही. ऱ्हॅम्नोलिपिड देणारा स्यूडोमोनास एरुजिनोसा दुर्बल रुग्णांत गंभीर संसर्गही घडवतो. तो वस्तीत सरसकट शिंपडण्याची वस्तू नव्हे.

म्हणून क्रम नीट लावला पाहिजे. पहिले काम, ऑइल जमिनीवर पडू न देणे. वापरलेल्या ऑइलची जबाबदारी उत्पादकांवर टाकणारे नियम एप्रिल २०२४ पासून लागू आहेत. तरीही जळके ऑइल सेंट्रिंगच्या फळ्यांना फासले जाणार असेल किंवा भट्टीत जाळले जाणार असेल, तर ते नियम कागदावरच राहतील. गॅरेजवाल्याला भंगारवाल्यापेक्षा चार पैसे अधिक देणारे अधिकृत संकलन पालिकेने वॉर्डात पोहोचवले, तर दंडाची भाषा फारशी करावी लागणार नाही. दुसरे काम, गॅरेजांची सबंध रांग ही एकच जागा मानून तिची माती तपासणे आणि पर्यावरण भरपाईपोटी मंडळांकडे जमा होणाऱ्या रकमेतून सामाईक उपचार करणे. तिसरे, विद्यापीठांना सापडलेले उपयुक्त जिवाणू पुणे आणि चंडीगढ येथील राष्ट्रीय संग्रहांत जमा करणे आणि पालिकेच्या जागेवर त्यांची खुली चाचणी घेणे. उपचारापूर्वीचे आणि नंतरचे तेलाचे व धातूंचे प्रमाण त्रयस्थ प्रयोगशाळेने मोजावे आणि निष्कर्ष अपयशासकट प्रसिद्ध व्हावेत.

म्हैसूर याची सुरुवात करू शकते. स्वच्छतेची शिस्त तेथे आहे, संशोधनाची परंपरा आहे; उणीव आहे ती या दोहोंना एका फायलीत आणणाऱ्या निर्णयाची. आपल्या शहरांनाही हाच प्रश्न विचारावा लागेल. रस्ता रोज झाडला जातो. त्याच्या कडेच्या काळ्या जमिनीची जबाबदारी कोणाची, हे अजून ठरलेले नाही. ते ठरेपर्यंत उत्तम जिवाणूसुद्धा प्रयोगशाळेतील काचेच्या तबकडीतच राहतील.