कोर्टाची पायरी कोणी चढू नये?

“शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये,” ही म्हण आमच्या लोकांच्या तोंडी बसली आहे. ती कोणाच्या फायद्याची, याचा विचार शेतकरी व कारागीर बांधवांनी कधी केला आहे काय? ज्यास ती पायरी ठाऊक आहे तो खुशाल चढतो व आमची जमीन घेऊन उतरतो. न चढण्याचे शहाणपण मात्र आमच्याच वाट्यास! जोतीराव फुल्यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ १८८३ साली लिहिला व कोर्टकचेरीत अडाणी कुणबी कसा नागविला जातो हे दाखविले. आज कुणब्याचे पोर शाळेत जाते. मग नागवणूक थांबली काय?

आठवीच्या नागरिकशास्त्रात न्यायव्यवस्थेचा धडा आहे. सर्वोच्च न्यायालयाचा न्यायाधीश ६५ व्या वर्षी निवृत्त होतो, हे पोर धडाधड सांगते. पण घरी आलेल्या समन्सावरील तारीख चुकविली तर एकतर्फी निकाल होऊ शकतो, हे त्यास ठाऊक नसते. वाडीची वहिवाटीची वाट कोणी अडविली, तर १९०६ च्या मामलेदार कोर्ट कायद्याप्रमाणे सहा महिन्यांच्या आत तहसीलदाराकडे दावा लावता येतो. आमचा मनुष्य ते सहा महिने पुढाऱ्याच्या ओट्यावर घालवितो! धरलेल्या इसमास, प्रवासाचा वेळ सोडून, २४ तासांत मॅजिस्ट्रेटापुढे नेलेच पाहिजे, ही घटनेची आज्ञा किती वारली-कातकरी घरांत पोचली? १९८७ च्या विधी सेवा कायद्याने स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती-जमाती, औद्योगिक कामगार व कोठडीतील मनुष्य यांस मिळकत न पाहता सरकारी खर्चाने वकील मिळतो. तरी आमची बाई मंगळसूत्र गहाण टाकून फी भरते!

वसई-विरार महानगरपालिका २००९ साली झाली. २९ गावे तीत ठेवावी की वगळावी, हा तंटा मुंबईच्या उच्च न्यायालयात वर्षानुवर्षे चालला. त्या गावांतील मुलांस स्थगिती निराळी व निकाल निराळा, एवढे तरी शाळेने शिकविले काय?

कोणी म्हणतील, अशाने मुले भांडखोर होतील. छे! भांडण वाढते ते अज्ञानाने. लोकअदालतीत तडजोड झाली तर कोर्ट फीदेखील परत मिळते, हे जाणणारा उगीच पिढ्यान्‌पिढ्या खेटे कशास घालील?

तेव्हा पालकहो, शाळेत जा व मास्तरांस विचारा. वसईचे कोर्ट काही लांब नाही, आणि त्याचे काम सामान्यतः उघड्या दाराने चालते. आठवीचा वर्ग एक दिवस तेथे नेऊन बसवा. समन्स, सातबारा व जामीनपत्र वर्गात मोठ्याने वाचून घ्या. तालुका विधी सेवा समितीच्या वकिलास शाळेत बोलवा. पायरी चढावी की नाही हे आमची मुले पुढे ठरवितील. आधी ती त्यांस दाखवा!