मेल सापडत नाही? दोष सर्चचा नाही!

मंडळी, समजा हेदवीत दशभुजा गणपतीच्या दर्शनाला येणाऱ्यांसाठी तुमचा होमस्टे आहे. पाहुणा दारात उभा, म्हणतो, "ॲडव्हान्सचा मेल टाकला होता." आणि तुम्ही हजारो मेलमध्ये 'बुकिंग' शब्द शोधत बसता! माझं मत स्पष्ट आहे: चूक साठवणीत आहे. अख्ख्या मजकुरात कुठेही असलेला शब्द मागितला की डेटाबेसचा साधा इंडेक्स कामाला येत नाही, एकेक मेल तपासावा लागतो. म्हणून सॉफ्टवेअर बनवून घेताना पाठवणारा, तारीख, विषय असे वेगळे कॉलम मागा, त्यांवर इंडेक्सही. मग प्रश्न एका ओळीचा: या पत्त्यावरून एप्रिलात काय आलं? नुसतं जीमेल वापरताय? तिथे फिल्टर लावा, लेबल आपोआप चिकटतं. फुकट आहे हो! विकतच्या सॉफ्टवेअरचं नंतर बघू.