कूर्चेचा हिशेब

नागपूर समुद्रापासून शेकडो कोस दूर आहे. तरीही शार्क मासा आपल्या औषधांच्या कपाटापर्यंत पोहोचलेला असू शकतो. तो कसा, हे समजण्यासाठी प्रथम त्याची शरीररचना पाहू.

कोकणात शार्कला मुशी आणि त्याच्या चपट्या भाईबंदाला पाकट म्हणतात. दोघांच्याही सांगाड्यात हाड नसते. तो कूर्चेचा, म्हणजे आपल्या नाकाच्या शेंड्यात असते तशा लवचीक द्रव्याचा असतो. कल्ल्यांवर झाकण नसून उघड्या फटी असतात. मुशीच्या त्या बाजूंना, तर पाकटाच्या पोटाकडे. मुशीचे अंग दातांसारख्या सूक्ष्म खवल्यांनी खरखरीत असते आणि पडलेल्या दाताच्या जागी तिला आयुष्यभर नवा दात येतो. बहुतेक माशांना तरंगण्यास मदत करणारी हवेची पिशवी तिला नसते. ते काम बरेचसे तिचे मोठे, तेलकट यकृत करते.

हेच यकृत आणि हीच कूर्चा तिच्या जिवावर उठली. यकृताच्या तेलातील स्क्वालीन सौंदर्यप्रसाधनांत जाते. सांधेदुखीच्या अनेक गोळ्यांतील कॉन्ड्रॉइटिन बहुधा गुरे, डुकरे, कोंबड्या किंवा शार्क यांच्या कूर्चेतून काढलेले असते.

व्यापारी भाषेत सांगायचे, तर या जातीला व्याज फार अल्प मिळते. इतर अनेक मासे लाखो अंडी घालतात. मुशी व पाकट मात्र उशिरा वयात येतात आणि त्यांना पिल्लेही मोजकीच होतात. उचल थोडी वाढली, की मुद्दलच संपू लागते.

म्हणूनच २००१ साली व्हेल शार्क या महाकाय, परंतु सूक्ष्म जीवांवर जगणाऱ्या माशाला वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत स्थान मिळाले. जाळ्यात अडकलेला असा संरक्षित जीव जाळे कापून सोडणाऱ्या मच्छीमारास २५,००० रुपयांपर्यंत भरपाई देण्याची योजना महाराष्ट्र शासनाने २०१८ मध्ये आणली. जीवदयेचा खर्च एकट्या गरीब कोळ्याच्या खाती टाकला नाही, हे मला मोलाचे वाटते.

आपल्या खाती येते ती केवळ चौकशी. प्रसाधन घेताना त्यातील स्क्वालीन कशाचे, हे विचारावे. ते ऑलिव्हपासूनही मिळते. पूरक आहाराच्या डबीवर हिरवा ठिपका पाहावा. औषधावर तसे चिन्ह नसेल, तर डॉक्टरांना पर्याय विचारावा. मात्र गोळी परस्पर बंद करू नये.